आक्काची राखाडी भिंत

रंगारीमामाच्या नजरेची ख्याती अशी, की दहा पांढऱ्यांतला सगळ्यात उजळ पांढरा तो चहा पिता पिता ओळखायचा. त्यामुळे थोरल्या बहिणीनं, आक्कानं, सकाळी सकाळी फोनवर "भिंत राखाडी झालीय, आधी ये!" असं फर्मावलं तेव्हा तो नुसता हसला. आक्काच ती! तिला धुतलेल्या टॉवेलातही डाग दिसायचे.

खोलीत शिरला मात्र, हसू पळालं. आठवड्यापूर्वी स्वतःच्या हातानं शुभ्र केलेली भिंत खरंच राखाडी दिसत होती.

"साठी उलटली, डोळे गेले तुझे!" आक्का म्हणाली. "बास झालं आता. आजपासून ब्रश बंद."

आणि आक्काचा शब्द घरात मोडणार कोण? ब्रश गेला तर मामानं दिवसभर करायचं काय, भाजी निवडायची?

मामाची एक सवय होती. नवी बादली उघडली की आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक हात मारायचा, मागे तारीख टाकायची आणि तुकडा पिशवीत जपायचा. बायको त्या पिशवीला उकिरडा म्हणायची. आक्कानं पसंत केलेला तुकडा शोधून त्यानं भिंतीला टेकवला. तो भिंतीत असा मिसळला की कडा चाचपडाव्या लागल्या.

"म्हणजे तुकडाही राखाडी," आक्का काही हटेना.

मामा डोकं खाजवत तुकडा घेऊन खोलीभर फिरला. तपकिरी सोफ्यापुढे धरला तर पांढराफेक. भिंतीला लागून उभ्या असलेल्या चकचकीत पांढऱ्या कपाटापुढे धरला, तर मळका!

"हे धूड कधी आणलंस?"

"परवा. का?"

मामानं पलंगावरची तपकिरी चादर ओढली आणि कपाटावर टाकली. दोघांच्या डोळ्यांदेखत भिंत उजळली. तिला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"अगं बाई!" आक्कानं चादर उचलली, सोडली, पुन्हा उचलली. भिंत मळायची, उजळायची. "काय हा चावटपणा!" म्हणत ती पोट धरून हसायला लागली.

मामा सोफ्यावर मटकन बसला. डोळे शाबूत होते. त्याला एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आक्का डोळे पुसत त्याच्याजवळ आली. "कपाट काही मी हलवणार नाही हां," तिनं बजावलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "स्वयंपाकघर रंगवायला कधी घेतोस?"

मामानं लगेच एक कोरा पुठ्ठा शोधायला घेतला.