मऊ पट्टा आणि सैल कडी

मित्रांनो, हे आपल्या फोटो क्लबच्या फळ्यावर लिहून लावतोय, कारण तोंडाने कोणाला सांगवत नाही.

आज खापरखेड्याच्या कॉलनीत एका लग्नाचे फोटो काढायला गेलो होतो. कॅमेऱ्याचा जुना चामडी पट्टा घामाने मानेला काचायचा, म्हणून मी परवाच सीताबर्डीवरून रुंद, मऊ पट्टा घेतला. दुकानात गळ्यात घालून पाहिला, बस. कडी ओढून पाहायचं सुचलंच नाही!

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. नवरीचे वडील कित्येक महिन्यांपासून अंथरुणावर. लेकीसोबत एक फोटो हवा म्हणून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. तो फोटो छान जमला होता.

मग नवरी गाडीत बसताना मी वाकलो अन् कडीच निसटली. कॅमेरा फरशीवर आपटला, मागचं झाकण उघडलं, रोलवर ऊन पडलं. सगळे फोटो गेले. नवरीला घेऊन गाडीही गेली.

मी निघताना वडिलांनी खाटेवरून हाक मारली, "माह्या पोरीसंगचा फोटो चांगला निघन ना गा?"

मी हो म्हणालो.

उद्या-परवा ते कोणाला तरी फोटो न्यायला पाठवतील. तुम्हीच सांगा, त्याच्या हातात मी काय देऊ?