पुतळाकाकीचं आळू

आळू म्हटलं की शहरातल्या माणसांना भाजीच आठवते. अहो, ते नव्हे! हे काटेरी झाडाचं फळ, लिंबाएवढं. कच्चं असताना हिरवंगार, चकचकीत, पण दात लावलात तर घसा धरतो. पेंढ्यात चार दिवस दडपलं की तपकिरी, सुरकुतलेलं होतं, अगदी सडल्यासारखं. आणि तेव्हाच ते गोड लागतं. ह्या रूपापायी बाजारात त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यापायीच माझ्या पुतळाकाकीचं झाड जाणार होतं.

पोशीरला तिच्या घरामागं हे एकच आळू. तिचा मुलगा रत्नदीप साजगावला कंपनीत आहे. काकीचे गुडघे गेले म्हणून त्याला मागं न्हाणीघर बांधायचं होतं, आणि झाड नेमकं आडवं. भिंतीसाठी फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, रेघही मारून झाली. त्याचं काही चुकत नव्हतं, पण काकी हटून बसली.

"रत्नदीपा, एक पाटी इकून दावते. मग तरी ठेवशील?"

"पाटीभर विकलंस तर भिंत वळवतो. नाय तर रविवारी करवत."

काकी दोन दिवस नेरळच्या बाजारात बसली. लोक म्हणाले, "आजी, सडकी फळं कसली विकता?" मला ऐकवेना. टेंपो माझा, अक्कलही माझीच! गुपचूप हिरवी आळवं तोडली, फडक्यानं पुसली, खोक्यात भरली आणि कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर दिली. मॅनेजरनं झटक्यात सगळी घेतली. मी खुशीत. संध्याकाळी त्याचा फोन. पाहुण्यांचे घसे धरले होते. मी निमूटपणे खोकं परत आणलं.

"अरं मुडद्या," काकी कडाडली, "ल्हानपणी कच्चं खाऊन तूच बोंबलला व्हतास ना? आनि तेच लोकांना चारलंस?"



शनिवारी पिकलेली पाटी घेऊन ती स्वतः टेंपोत बसली. रिसॉर्टच्या फाटकाशी उतरली, कालच्या माणसांची माफी मागितली. मग अंगठ्यानं एक आळू फोडून समोर धरलं. "आदी खा. मंग बोला." एका बाईनं नाक मुरडत चाखलं आणि लगेच दुसरं मागितलं. मग काय, गर्दी! दुपारी पाटी रिकामी. मी वाटभर हॉर्न वाजवत आलो.

रत्नदीप अंगणातच होता. "विकलं सगळं?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात काकी बोलली. "चार वाटं इकलं. बाकी चाखायला देन्यातच गेलं रं. चाखल्याबिगर कोन घेनार?"

शब्द म्हणजे शब्द, आणि पाटीभर काही विकलं गेलं नव्हतं. रत्नदीपनं पाटीत वाकून पाहिलं. "मला एक पण नाय ठेवलंस?"

"पुढल्या साली खा की," ती सवयीनं बोलून गेली आणि तिची नजर घरामागच्या झाडाकडं वळली. तिचे डोळे भरले.

रत्नदीप वळला. घरामागं गेला आणि चपलेनं फक्कीची रेघ पुसायला लागला.

न्हाणीघर आता झालंय. पोशीरमध्ये त्याच्याइतकं वाकडं बांधकाम नाही, गवंडी अजून शिव्या घालतो. काकी मात्र ऐटीत आत जाते आणि खिडकीतून हात काढून आळू चाचपते.