माडाखालचं सारवण
ओल्या शेणाचा वास आला की मला आमच्या रत्नागिरीच्या घरातलं ते मांजराएवढं, झिपरं कुत्र्याचं पिल्लू आठवतं. मुंबईला गोऱ्या साहेबाकडे नोकरीला असलेल्या मामाने ते माझ्यासाठी आगबोटीने आणलं होतं. पण ते रोज माजघरातच ओलं करी. आई नाक मुरडत तेवढीच जमीन शेणाने सारवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच तळं. "पावसाळ्याआधीची शेवटची बोट परवा सुटत्ये, तिने हे परत धाडा," तिने वडिलांना बजावलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी आई सारवून उठते तोच पिल्लू आलं आणि शेण हुंगून तिथेच ओलं करायला बसलं. आई थबकली. "अगोबाई, मीच याला जागा दाखवत्ये की!" असं म्हणत उरलेलं शेण घेऊन ती थेट परसातल्या माडाखाली गेली. तिथे तिने पाटाएवढी जमीन सारवली आणि माजघर मात्र चार दिवस तसंच ठेवलं. पिल्लू वास काढत माडाखाली जाऊ लागलं. बोट त्याच्याशिवाय गेली. पुढे ते म्हातारं होऊन गेलं, तरी घर सारवून झालं की आई मूठभर शेण घेऊन माडाखाली जायची. आता माझ्या घरात फरशी आहे. पण कुणाचं सारवलेलं अंगण दिसलं, की माझी नजर आधी माड शोधते.