संपूर्ण बॅच, ड तुकडी सोडून

मंडळी, आज रागातच लिहितेय, समजून घ्या.

नव्वदच्या दशकात आम्ही पनवेलच्या शाळेतून दहावी झालो. आज तीस वर्षांनी गेट-टुगेदर होतं, म्हणून नाशिकहून पहाटेच निघाले. वर्गात माझ्या शेजारी बसणारी गव्हाणची रंजना हॉलच्या दारातच भेटली. दोघी गळ्यात पडून रडलो.

आमच्या शाळेत मार्कांवरून तुकड्या पाडायचे. हुशार मुलं अ मध्ये आणि खेड्यातली, 'आमी-तुमी' बोलणारी आम्ही बहुतेक सगळी ड मध्ये. मला वाटलं, ते सगळं शाळेतच संपलं.

कसलं काय! ग्रुप फोटोच्या वेळी अ तुकडीचा तेव्हाचा मॉनिटर माइकवरून म्हणाला, "अ तुकडी सरांसोबत पुढे खुर्च्यांवर. ड तुकडी मागे बाकांवर उभी राहील, अगदी तेव्हासारखी!"

सगळे हसले. सरसुद्धा हसले.

रंजना मात्र तिथूनच ओरडली, "तवा पन मागंच, आज पन मागंच? आमी नाय उबं रानार!" आणि सरळ बाहेर चालू लागली. तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे आमची अख्खी तुकडी. थांबा म्हणायला एक माणूस आला नाही.

आत्ताच तो फोटो ग्रुपवर आलाय. पुढे खुर्च्या भरलेल्या, मागचे बाक रिकामे. खाली लिहिलंय, "आपली संपूर्ण बॅच!" त्यावर लाइक्सचा नुसता पाऊस.

मला एवढंच सांगा, ते रिकामे बाक एकालाही दिसले नाहीत?