कन्यादान होईपर्यंत

अक्का माझ्याशी शुद्धीत शेवटचं बोलली, ती दमदाटीच होती. "तुपली ड्युटी दवाखान्यात, शोभे. मपल्या मांडवात न्हाई." एवढं बोलून, पदर खोचत ती विहिणीकडच्या बायकांना हळदीकुंकू लावायला निघून गेली. मी लातूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. उन्हाळा लागला की आमच्याकडे उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळी खोली तयार होते, कूलर लागतात, बर्फाची सोय होते, आणि त्या खोलीत मी कितीतरी उन्हाळे काढले आहेत. माझी सख्खी थोरली बहीण मात्र उन्हानं गेली. हे वाक्य मला अजूनही धड उच्चारता येत नाही. कुणी विचारलं तर "तब्येत बिघडली होती" एवढंच सांगते आणि विषय बदलते.

गंमत म्हणावी की काय म्हणावं... भोकर तालुक्यातल्या तिच्या सासरी उन्हाळ्यात अक्काचीच राजवट असायची. दुपारी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दाजींना भर उन्हात शेताकडे जायची खोड, म्हणून तिनं एकदा त्यांच्या वाहाणा ज्वारीच्या कोठीत लपवल्या आणि वर सांगितलं, "जायचं तर जावा, ढेकळं तापलेलीच हायत." दाजी बिचारे संध्याकाळपर्यंत घरभर अनवाणी फिरत होते आणि भावकी हसत होती. गावात बांगड्या विकायला येणाऱ्या कासाराला ती लिंबाखाली बसवून ठेवायची, ताक पाजायची. "ऊन कलू द्या, मग जावा. बांगड्या का पळून चालल्या?" मला फोन केला तरी खुशाली नंतर, आधी "पाणी पिलीस का?" मी चिडायचे. दिवसभर लोकांना हेच सांगून घसा कोरडा पडलेला असायचा, त्यात हिची भर.

तिच्या लेकीचं, प्रतीक्षाचं लग्न बिलोलीकडच्या मुलाशी ठरलं आणि मुहूर्त निघाला मे महिन्यातल्या भर दुपारचा. आमच्याकडे लग्नं दुपारचीच लागतात. लांबून आलेल्या पाहुण्यांना उजेडी परत जाता यावं हा हिशोब. मी म्हटलं, अक्का, संध्याकाळचा गोरज मुहूर्त मागून बघ, मांडवात पत्र्याखाली माणसं भाजून निघतील. ती म्हणाली, "पोरीकडच्यांनी वेळ मागायची नसती." झालं, संपला विषय. मुलाकडची माणसं वाईट नव्हती हो. कदाचित हो म्हणाली असती. पण विचारायचंच कुणी? दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी दाजींकडे.

त्यात कन्यादानाचा उपवास. मुलीच्या आईवडिलांनी कन्यादान होईपर्यंत काही खायचं नाही, ही रीत सगळीकडेच आहे. पण अक्कानं पाणीसुद्धा वर्ज्य केलं होतं. आमच्या आईनं अक्काच्या लग्नात तसंच केलं होतं म्हणे. आईनं तिला उजवलं तेव्हा आई चाळिशीचीही नव्हती आणि तिला रक्तदाबाची गोळी चालू नव्हती, हे मी पुन्हापुन्हा सांगितलं. गोळीनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी गोळीसंगं एक घोट घेतलाय. तेवढ्यालाच देव का म्हणल काय की." दाजींनी मात्र माझं ऐकलं, गुपचूप लिंबूपाणी घेतलं, आणि अक्काला कळल्यावर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

नवरदेवाचा परण्या, लग्नाआधीची ती मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला तो परत यायचं नाव घेईना. पोरं डीजेपुढं नाचत होती, मुहूर्त टळून गेला, तरी कुणाला घाई नव्हती. मांडवात वारा नव्हता, पंखे गरम हवाच फिरवत होते. अक्का नव्या शालूत, घरची-दारची कामं अंगावर घेऊन नुसती पळत होती. एकदाच्या अक्षता पडल्या, कन्यादान झालं. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, आधी व्याह्यांची पंगत बसू दे. पंगत बसली तर म्हणे, आग्रह करून येते. आणि मग ती दवाखान्यातल्या ड्युटीची दमदाटी. मी तिचा दंड धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. मांडवभर माणसांसमोर थोरल्या बहिणीला जमिनीवर बसवून तोंडात पाणी ओतायची हिंमत मला झाली नाही... आणि ओतलं असतं तरी तिनं थुंकून टाकलं असतं, हेही मला माहीत आहे.

पाठवणीच्या वेळी आरडाओरडा ऐकून मी धावले. अक्का प्रतीक्षाच्या गळ्यात पडून "बाई गं, बाई" म्हणत होती. आम्ही आमच्या आईला बाई म्हणायचो. बायका तिच्याभोवती कडं करून उभ्या होत्या, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी डोळे पुसत होतं. "आईचं काळीज हाय, रडू द्या तिला. मोकळी होऊ द्या." लेक सासरी निघाली की आईनं कोसळायचं असतं, असंबद्ध बोलायचं असतं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की ती रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही.

मी ओरडले, बाजूला व्हा, पाण्याचे जार आणा, बर्फ आणा. दोघी-तिघींनी मलाच धरलं. "कामून वरडून राहिलीस, शुभकार्य हाय. शालू भिजल की." शालू! मी त्याच शालूवर जार उपडा केला, आइस्क्रीमवाल्याचा बर्फ मानेला, काखेत लावला. कुणीतरी तिच्या तोंडात पाणी घालायला आलं, तेव्हा माझ्याच हातांनी ते अडवावं लागलं. बेशुद्ध माणसाला पाजलं तर ते छातीत जातं. दिवसभर जिच्या मागे पाणी घेऊन फिरले, तिच्या तोंडापासून मी पाणी दूर लोटत होते. नांदेडपर्यंत गाडीच्या काचा उघड्या ठेवून ओल्या चादरी बदलत नेलं. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, मी बघत होते, मला त्यातलं सगळं कळत होतं. प्रतीक्षाची गाडी वाटेतून परत फिरली. ती हळदीच्या अंगानं दवाखान्यात पोचली तेव्हा अक्का गेली होती.

आता राग कुणावर काढू? नाचणाऱ्या पोरांवर? व्याह्यांवर? ते तर चितेपाशी लेकरासारखे रडले. दाजी भिंतीला टेकून बसतात आणि एकच म्हणतात, "मी पिलो, अन् ती गेली."

मागच्या आठवड्यात हदगावला मावसबहीण कमलच्या मुलीचं लग्न होतं. जायची इच्छा नव्हती, पण गेले. मुहूर्त दुपारचाच. कमलचे ओठ पांढरे पडलेले दिसले. तिला आडोशाला नेलं, हात जोडले, म्हटलं, कमल, अक्काचं काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस, दोन घोट घे. कमलनं माझे जोडलेले हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते.

"बघितलं म्हणूनच तर," ती म्हणाली. "सगळ्या पाव्हण्यांत अक्काचं नाव निघून राहिलंय, शोभा. पोरीसाठी जीव गेला, पण थेंब घेतला न्हाई म्हणून. आता मी कशी घेऊ?"