देवभातावरची पाळत

शकुंतलाबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नसे. देवळात गेल्या तर एक चप्पल या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी काढत. म्हणत, "चोराला जोडी हवी असेल तर फिरू दे की जरा!"

यजमान रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर झाशी सोडून बरुआसागरला तळ्याजवळ राहिले. ते गेले, पण बाई तिथेच राहिल्या, आणि त्याला कारण देवभात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. तळ्याकाठच्या चिखलात आपसूक उगवतो तो देवभात, तिकडचे लोक त्याला पसई म्हणतात. आश्विनात ओंब्या सुपावर झटकायच्या आणि दाणे पुढच्या पंचमीला जपून ठेवायचे. लग्न झाल्यापासून बाईंचं हे व्रत कधी मोडलं नव्हतं.

पण हल्ली पावसाचंच तंत्र बिघडलंय. उशिरा येतो, धो धो कोसळतो नि पळून जातो. मग ऊन असं तापतं की तळं लवकर मागे सरतं आणि मोकळ्या काठावर म्हशी शिरतात. त्या वर्षी बाईंनी ओंबी दाताखाली धरली तर पोचट! दुसरी घेतली, तीही तशीच. एका कोपऱ्यात, पाणी उरलं होतं तिथे, तेवढा देवभात भरला होता. आणि त्याच्याभोवती कुणीतरी सुतळी बांधलेली.

"अस्सं! म्हणजे मालक उगवला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई बेशरमाच्या झुडपाआड दबा धरून बसल्या. एक मुलगी आली आणि ओंब्यांवरून जाळीची पिशवी फिरवू लागली.

"सापडलीस! दाखव पिशवी."

"आजी, मैं चोर नाही हो!" मुलगी दचकलीच. झाशीच्या मराठी घरातली, कांचन नाव, कॉलेजात शिकणारी.

"चोर कधी सांगतो होय?"

बाईंनी पिशवीत डोकं घातलं. दाणा एक नाही. नुसते लांब तंगड्यांचे कोळी.

"अगं बाई! कोळ्यांसाठी इथवर आलीस? माझ्या माळ्यावर ये, जळमटंही निघतील."

"हे वाले घरात नाही राहत, आजी. कॉलेजच्या अभ्यासासाठी मोजतेय. पाण्यावरच्या गवतातच जाळं विणतात. ओंबीतलं दूध शोषणारे किडे खातात. पाणी हटलं, गवत वाळलं, की हे जातात. बघा, पान दुमडून अंडी ठेवलीत, म्हणून मी सुतळी बांधली. पिल्लं निघेपर्यंत हे कापू नका ना."

"आणि माझं व्रत? मी थांबायचं नि भात तू खाशील!"

"मला भात नको."

"कोळी हवेत नि भात नको, असं माणूस मी नाही पाहिलं."

तरी बाईंनी सुतळीच्या आतली ओंबी चावून पाहिली. भरलेली. बाहेरची पुन्हा पाहिली. फोल. मग पदर खोचला आणि बाहेरूनच हात पोचेल तेवढ्या ओंब्या सुपावर हलकेच झटकल्या. दुमडलेल्या पानाला बोट लावलं नाही. पडलेले कोळी फुंकर मारून परत गवतात घातले. दाणे निघाले जेमतेम मूठभर.

पिल्लं निघेपर्यंत बाई रोज काठी घेऊन तिथे बसत. म्हशी हाकलत, वैरण कापायला येणाऱ्यांना, "भैया, उधर से काटो!" म्हणून पिटाळत. आणि कांचनची पिशवी? तीही रोज न चुकता उघडून बघत.

पुढच्या ऋषिपंचमीला पानात भात चमचाभरच होता. त्यातला अर्धा बाईंनी जेवायला बोलावलेल्या कांचनच्या पानात वाढला.

"बस. पिशवी मात्र बाहेर ठेव."