काचेवरची टिचकी

मंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "ताई, डॉक्टरनं मले आत बोलावलं," एवढंच ती म्हणाली आणि मग कितीतरी वेळ फोनमधून नुसता वॉर्डातला आवाज येत राहिला... कुणाची तरी ट्रॉली, कुणाचं तरी खोकणं. काय ते मी समजले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं तेव्हा कुठे मी गॅस बंद केला. सुधाकरदादाला, माझ्या थोरल्या भावाला जाऊन आता दीड महिना होत आला. लोक भेटतात आणि म्हणतात, शुगर होती न त्यांना, शुगरनंच गेले असतील. मला राग येतो. शुगरनं तो गेला नाही. उलट ती शुगर सापडली म्हणून तो आमच्यात आणखी काही वर्षं होता. ती सापडू नये म्हणून त्यानं काय काय केलं आणि शेवटी कशी सापडू दिली, तेच सांगायला आज बसले आहे.

दादा कोराडीच्या पॉवर स्टेशनात कंट्रोल रूमचा ऑपरेटर. त्याच्या जुन्या युनिटात भिंतभर काट्यांचे मीटर होते आणि काटा कधीकधी अडकून बसतो म्हणून वाचण्याआधी काचेवर नखानं टिचकी मारायची त्याला सवय. ती सवय घरीही आली. भिंतीवरचं घड्याळ, किराणा दुकानातला तराजू, ऑटोचा मीटर, सगळ्यांना टिचकी. आकड्यांचे डिजिटल मीटर आले तरी त्याचं बोट थांबलं नाही. मी चिडवायची, "दादा, त्याच्यात काटा नाही गा." तो म्हणायचा, "नसू दे. आपलं काम आपण करावं." दुसरं त्याचं ठरलेलं वाक्य म्हणजे, रिकामी फिरणारी मशीन कुणाचीही चांगलीच फिरते, तिची तब्येत लोड टाकल्यावर कळते. लग्नासाठी पाहायला आलेल्या मुलाबद्दलही त्यानं घरात हेच सांगितलं होतं. तो मुलगा पुढे माझा नवरा झाला आणि लोडखाली बरा निघाला, हे दादानं मोठ्या मनानं कबूल केलं.

त्याचं पोट दुखायचं ते कॉलेजपासून. पोटात जेवण गेलं की कळ पाठीत निघायची आणि तो गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचा. आमचे बाबाही असेच दुखत दुखत, वाळत वाळत गेले होते, त्याला आम्ही पोटशूळ म्हणत होतो आणि ओवा देत होतो. दादाला पन्नाशीत जोराचा झटका आला तेव्हा कळलं की स्वादुपिंडाला सूज आहे आणि आत खडे झाले आहेत. झालं, कॉलनीत कुजबुज सुरू. हा आजार म्हटलं की बाटली, असा लोकांचा समज. दादा चहापलीकडे काही प्यायलेला नव्हता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की न पिणाऱ्यालाही होतो, काही घरांमध्ये तर चालतच आलेला असतो. पण डॉक्टर थोडेच कॉलनीत येऊन सांगणार होते? ती कुजबुज दादाला दुखण्यापेक्षा जास्त लागली. त्यातून एक गोष्ट त्याच्या मनानं घेतली, की आपल्या अंगातलं आता आणखी काही बाहेर यायला नको.

आणि इथेच त्यानं ती चूक केली, जी फक्त प्लांटमधला माणूस करू शकतो. पॉवर स्टेशनात वरचे साहेब तपासणीला येणार म्हटलं की आधी आठवडाभर धुणंपुसणं चालतं, पायऱ्यांना गेरू, झाडांच्या बुंध्यांना चुना. साहेब बघतात, खूश होऊन जातात. स्वादुपिंड बिघडलं की शुगर होऊ शकते म्हणून डॉक्टरांनी अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं होतं, आणि दादा त्या तपासणीलाही तसाच साहेब समजला. तारीख ठरली की तो आठवडाभर आधी भात बंद करायचा, रात्री नुसती भगर आणि ताक, पहाटे प्लांटची राख साठवतात त्या बंधाऱ्याकडे लांब फेरी. मग उपाशीपोटी रक्त द्यायचं. रिपोर्ट नॉर्मल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती दुसरी तपासणीही नॉर्मल. कागद तो मला फोनवर वाचून दाखवायचा, बारावीच्या मार्कांसारखा. इकडे मंदावहिनी मला वेगळंच सांगायची. "ताई, तांब्यावर तांब्या पाणी पिऊन राहिले. पँट कमरेवर राहत नाही. मी बोलली का तुमचे दादा म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची." एकदा ती माझ्याकडे आली असताना मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहे न वं? मंग कायले भांडून राहिली?"

शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे त्याच्यासोबत मीच गेले. बँकेत आयुष्य गेलं माझं, मनाजोगते कागद आणणारी माणसं मी रोज पाहत आले होते. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, मग दादाच्या बाहेर आलेल्या गालफडांकडे पाहिलं. म्हणाले, "काका, हे रिपोर्ट खोटे नाहीत. पण स्वादुपिंड खराब झालं की यांच्यावर विसंबता येत नाही. उपाशीपोटी साखर जागेवर असते, जेवल्यावर सुटते. आणि तीन महिन्यांच्या आकड्याचं म्हणाल, तर झटक्याच्या वेळी तुम्हाला रक्त चढवलं होतं. दुसऱ्याचं रक्त, दुसऱ्याचा हिशेब, त्यात मिसळला. तुम्हाला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घ्यावं लागेल." दादा हळूच म्हणाला, "म्हणजे लोड टाकून पाहता." डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्याला पुरतं कळलं होतं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी वर हेही सांगितलं की आधीचे तीन दिवस पोळी, भात नेहमीसारखं खायचं, उपास करून यायचं नाही. गेरू-चुन्याची सोयच गेली.

ते तीन दिवस वहिनीनं त्याच्या ताटाशी बसून काढले. चौथ्या दिवशी सकाळी तो बसनं शहरात आला, मी लकडगंजातल्या माझ्या घरून निघून गांधीबागेतल्या लॅबमध्ये पोचले. पहिलं रक्त झालं. ते गोड पाणी त्यानं डोळे मिटून प्यायलं. आता दोन तास नुसतं बसायचं होतं. बाहेर गल्लीत कापडाच्या गाठी उतरत होत्या, हमाल ओरडत होते. थोड्या वेळानं तो उठला.

"जरा चक्कर मारून येतो वं. कंबर धरली."

"बस."

"दोन मिनिटात येतो न."

"चाललं का साखर उतरते. डॉक्टरनं तुह्यासमोरच सांगितलं. बस खाली."

"तुले काय जाते?" त्याचा आवाज चढला आणि बाकावरचे दोघंतिघं आमच्याकडे बघायला लागले. "तू व्हीआरएस घेतली, तुही पेन्शन सुरू झाली. माह्या रिपोर्टात साखर निघाली, इन्सुलिनची सुई लागली, का माही कंट्रोल रूम गेली. मंग ऑफिसात बसून फायली इकडच्या तिकडं करा लागते. लोकं म्हणतीन, पाहा, पिऊन पिऊन अखेर काय झालं."

"अन् डोळे गेले तर? पाय गेला तर? मंग कोणती कंट्रोल रूम?"

तो दारात उभाच राहिला. मला वाटलं, गेला हा. मी काही त्याचा हात धरून ठेवू शकत नव्हते. मनात आलं, आता हा उंबरा ओलांडला तर बाबांसारखाच वाळत जाईल आणि आपण पुन्हा ओवा देत बसू... तो वळला तेव्हा त्याचा आवाज पार उतरला होता.

"शोभा, मागच्या पाळीत मी मीटर चुकीचं वाचलं. बॉयलरच्या पाण्याचं, ते अजून काट्याचंच आहे. टिचकी मारली, वाचलं, बोललो. बाजूचा ऑपरेटर म्हणते, साहेब, एकदा अजून पाहा. पाहिलं तर... मले दोन काटे दिसून राहिले होते. झालं काहीच नाही, त्यानं सांभाळलं. पण मी वाचलं चुकीचं."

हे त्यानं वहिनीलाही सांगितलं नव्हतं. तो बाकावर आला, चपला काढल्या आणि पंगतीत बसतात तशी मांडी घालून वर बसला, पुन्हा उठायला होऊ नये म्हणून. दुसऱ्या रक्ताला हाक येईपर्यंत तो तसाच बसून होता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. ते घड्याळ फार उंच होतं, नाहीतर त्यालाही टिचकी बसली असती.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटीचा आकडा पुन्हा चांगला आणि दोन तासांनंतरचा कुठल्या कुठे गेलेला. दादानं तो दोनदा वाचला, कागदावर बोट आपटलं आणि म्हणाला, "रिकामी चांगली फिरून राहिली. लोडवर बसली." मग सुई आली, जेवणासोबतच्या गोळ्या आल्या, कंट्रोल रूम सुटली. बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी फोन केला तर वहिनीच बोलायची. मला वाईट वाटत होतं, पण त्या दिवशी त्याला बसवलं याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं. एक दिवस त्याचाच फोन आला, ना हॅलो ना काही. "शोभा, पेपरातलं बारीक अक्षर एक एक दिसून राहिलं वं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढचं सोपं होतं असं नाही. या आजारात साखर चढते तशी धाडकन पडतेही. एकदा माझ्याकडे जेवायला बसला असताना उगाच वरणावरून वाद घालू लागला, कपाळावर घाम, शब्द जड. माझ्या नवऱ्याला वाटलं चिडलाय. वहिनीनं ताबडतोब त्याच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या काढून तोंडात कोंबल्या. भानावर येताच त्यानं आधी विचारलं, "किती झाली होती?" आता तो स्वतःच त्याचं युनिट झाला होता. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब घ्यायचा, मशीनच्या काचेवर टिचकी मारायची आणि मगच आकडा वाचायचा. निवृत्तीनंतरही यात खंड नाही. यंदा स्वादुपिंडानं पुन्हा उचल खाल्ली, आत पू झाला, तो मात्र आवरला नाही. शेवटच्या भेटीत बोलायची ताकद नव्हती. हात वर करून त्यानं सलाईनच्या नळीला टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्याच्यात काटा नाही गा, दादा." तो हसल्यासारखा वाटला मला.

मागच्या रविवारी कोराडीला गेले. दोरीवरच्या कपड्यांवर नेहमीसारखीच राख बसलेली, फ्रिजवर त्याचं ते मशीन नेहमीच्याच जागी. वहिनीनं विचारलं, "ताई, तुमची पाहिली का कधी?" मी म्हटलं, "पाहते न. उपाशीपोटी. नॉर्मल आहे." गेल्या काही महिन्यांत जेवल्यावर माझ्याही पाठीत कळ निघते, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही... तिनं पान वाढलं, वरण-भात, पोळी, वर आग्रहानं आणखी भात. मी सगळं जेवले. मग आम्ही दोघी हॉलमध्ये बसून राहिलो. मध्ये एकदा मी उठायला लागले तर ती म्हणाली, "बसा." दोन तास झाल्यावर तिनं मशीन आणलं, माझं बोट धरलं, टोचलं. थेंब पट्टीत गेला. आकडा अजून यायचा होता, आणि माझ्या नखानं काचेवर टिचकी मारली.